सेवापुस्तकात नसलेली नोंद

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाचे सेवापुस्तक, म्हणजे त्याच्या नोकरीतील प्रत्येक अधिकृत घटनेची नोंद ठेवणारा दस्तऐवज, नेमणुकीच्या आदेशापासून सुरू होते आणि वयाच्या ५८व्या वर्षी सेवानिवृत्तीच्या आदेशापाशी थांबते. मधल्या तीन-साडेतीन दशकांतील वेतनवाढी, बदल्या, रजा, प्रशिक्षणे आणि वेतननिश्चिती त्यात तारीखवार सापडतात. परंतु या माणसाला आपल्या कामात समाधान वाटत होते काय आणि त्याची तक्रार नेमकी कशाबद्दल होती, याची एकही ओळ त्यात नसते. ही नोंद नसल्यामुळेच शिक्षकांविषयी दोन सोपे समज रूढ झाले आहेत. एका समजानुसार शिक्षक हा सदैव कुरकुरणारा नोकरदार असतो, तर दुसऱ्यानुसार खरा शिक्षक कधी तक्रार करीतच नाही. शिक्षकाच्या आयुष्यात तक्रार कोणत्या वयात कोणते रूप घेते हे क्रमाने पाहिले, तर हे दोन्ही समज टिकत नाहीत.

कामातील समाधानाचा विचार करताना फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचे नाव टाळता येत नाही. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींवर आधारलेल्या आणि १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने असे मांडले की समाधान आणि असमाधान ही एकाच मोजपट्टीची दोन टोके नाहीत. वेतन, वरिष्ठांची वागणूक, नियम आणि कामाची परिस्थिती यांतून असमाधान उपजते, तर प्रत्यक्ष काम, त्यातील यश आणि मिळणारी दाद यांतून समाधान. म्हणून एकच माणूस एकाच दिवशी अत्यंत समाधानी आणि अत्यंत नाराज असू शकतो. शिक्षकांना हे विवेचन बऱ्याच अंशी लागू पडते, मात्र पूर्णपणे नाही. अभियंत्याचा पगार उशिरा झाला म्हणून त्याने बांधलेला पूल कच्चा राहत नाही. शिक्षकाचा मात्र शिकवण्याचा तासच प्रशासकीय कामात जातो, आणि ज्या गोष्टीतून समाधान मिळायचे तिलाच असमाधानाचे कारण गिळून टाकते. शिक्षकाची तक्रार इतर नोकरदारांच्या तक्रारीहून वेगळी ठरते ती या ठिकाणी.

या तक्रारीचा आरंभ नोकरीच्या आधी होतो. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली शिक्षकी पेशावर लिहिलेल्या ग्रंथात निरीक्षणातून होणाऱ्या उमेदवारीची कल्पना मांडली. तिचा आशय असा की शिक्षक होणारी व्यक्ती विद्यार्थी म्हणून हजारो तास शिक्षकांना पाहत आलेली असते आणि पेशाची तिची कल्पना बाकावर बसूनच घडलेली असते. बाकावरून दिसतो तो शिकवणारा शिक्षक. रात्री माहितीचे तक्ते भरणारा शिक्षक तेथून दिसत नाही. महाराष्ट्रातील एका पिढीला याखेरीज दीर्घ प्रतीक्षाही सोसावी लागली. २०००नंतरच्या दशकात अध्यापक विद्यालये गावोगाव निघाली, बारावीनंतर दोन वर्षांची डी.एड. पदविका घेतलेली मुले-मुली हजारोंच्या संख्येने बाहेर पडली, आणि २०१०च्या परीक्षेनंतर भरती अनेक वर्षे खोळंबली. पवित्र पोर्टल या ऑनलाइन प्रणालीतून ती पुन्हा सुरू होऊन नेमणुका मिळेपर्यंत २०१९ उजाडले. त्या काळात ज्यांनी शेतात, दुकानात किंवा खासगी शिकवणीत वर्षे काढली, त्यांनी वर्गात पाऊल टाकले तेव्हा त्यांच्यामागे एक अनुत्तरित तक्रार आधीच उभी होती.

नेमणूक होते ती शिक्षण सेवक म्हणून. २००० साली सुरू झालेल्या या योजनेत पहिली तीन वर्षे नियमित वेतनश्रेणीऐवजी ठरावीक मानधन मिळते. प्राथमिक शिक्षण सेवकासाठी ते आरंभी दरमहा ३,००० रुपये होते, नंतर ६,००० झाले आणि २०२३ पासून १६,०००. वस्तुतः तक्रारीला सर्वाधिक जागा या काळात आहे आणि सर्वांत कमी तक्रार याच काळात ऐकू येते, कारण तीन वर्षांचे काम समाधानकारक ठरल्याशिवाय कायम नेमणूक मिळत नाही. बहुधा दोन शिक्षकी शाळा वाट्याला येते, म्हणजे पहिली ते चौथीचे चार वर्ग दोघांत वाटून घ्यायचे असतात. जोडीदार बैठकीला गेला की चारही वर्ग एकाच्या अंगावर पडतात. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. पहिलीच्या मुलांना अक्षरे गिरवायला लावून तिसरीला हातच्याची वजाबाकी समजावायची, तेवढ्यात दुसरीच्या पाढ्यांकडे कान ठेवायचा आणि चौथीतल्या एखाद्या वाचत्या मुलीला धाकट्यांच्या गटात बसवायचे, हे कौशल्य पदविकेच्या अभ्यासक्रमात फारसे मिळत नाही. ते शाळेतच कमवावे लागते. नंदुरबार किंवा गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात मुलांच्या घरची भाषा भिली, पावरी वा गोंडी असते, आणि शिक्षकाची प्रमाण मराठी ही त्या मुलांसाठी जवळजवळ परकी भाषा ठरते. अशा वर्गात सहा महिन्यांनी एखादे मूल बोट ठेवत ठेवत आपणहून ओळ वाचते, तेव्हा शिक्षकाला जे लाभते त्याला लॉर्टीने मानसिक मोबदला म्हटले आहे. वेतन आणि बढतीच्या तुलनेत शिक्षक याच मोबदल्याला अधिक महत्त्व देतात, हा त्याच्या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष होता. तो मोबदला निश्चित नसतो, त्याची पावती कोणी देत नाही, आणि तो फक्त वर्गातच मिळतो, ही त्याची अडचण. पोट भरण्याइतके मानधन नसतानाही तरुण शिक्षक टिकतो तो याच्या जोरावर. मात्र या टिकण्याचा आधार घेऊन मानधन कमी ठेवणे हा त्याच्या निष्ठेचा गैरवापर आहे, असेच म्हणावे लागेल.

सेवा नियमित झाली, विवाह झाला, की तक्रार बदलीभोवती गोळा होते. फेब्रुवारी २०१७च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्या, शाळांची अवघड आणि सर्वसाधारण क्षेत्रांत विभागणी झाली, तसेच गंभीर आजार, दिव्यांगत्व, पती-पत्नी एकत्रीकरण यांसारख्या कारणांसाठी प्राधान्याचे संवर्ग ठरले. वशिल्याला त्यामुळे मोठा आळा बसला हे मान्य करायला हवे. तथापि कोणता पाडा अवघड आणि कोणता नाही, यावरचा वाद मिटला नाही.

समाधानाची खरी घसरण दिसते ती सेवेच्या मध्यावर, बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी, जिला शिक्षक आपसांत आजही चटोपाध्याय म्हणतात, तिच्या आगेमागे. हे नाव डी. पी. चटोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शिक्षक आयोगावरून आले, ज्याचा अहवाल १९८५ साली सादर झाला. या टप्प्यावर वेतनाची तक्रार बरीच निवळलेली असते, हात बसलेला असतो, कोणत्या मुलाला काय अडते ते चेहऱ्यावरून कळू लागलेले असते. आणि नेमका याच वेळी हा अनुभवी हात वर्गाबाहेर खेचला जातो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क कायद्याचे, म्हणजे २००९च्या कायद्याचे, कलम २७ सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज कोणत्याही अशैक्षणिक कामाला शिक्षकाला लावता येणार नाही. कायद्याची ही चौकट वरवर काटेकोर दिसते, पण निवडणुकीच्या नावाखाली मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, म्हणून मतदार याद्यांचे काम लांबत जाते. पोषण आहाराचा तांदूळ, डाळ आणि तेल यांचा हिशेब रोज ठेवावा लागतो. यू-डायस, सरल, शालार्थ या शासकीय ऑनलाइन प्रणालींत तीच माहिती वेगवेगळ्या नमुन्यांत भरावी लागते. आणि व्हॉट्सॲप गटावर दुपारी आलेल्या टपालाला, म्हणजे वरिष्ठ कार्यालयाने मागवलेल्या माहितीला, संध्याकाळच्या आत उत्तर द्यावे लागते, सांगण्यासारखे काही नसले तरी निरंक अहवाल पाठवावाच लागतो. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही घोषणा महाराष्ट्रातील शिक्षकांच्या मोर्चांत निघते ती यातून. पगार वाढवा असे ती म्हणत नाही. ज्या कामासाठी नेमणूक झाली ते काम करू देण्याची मागणी कर्मचाऱ्यांनी रस्त्यावर येऊन करावी, ही गोष्ट शासनाने आणि समाजानेही अस्वस्थ होऊन ऐकायला हवी.

ती ऐकली गेली नाही तर काय होते, हा या विषयाचा गाभा आहे. आल्बर्ट हिर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० साली असे प्रतिपादन केले की एखाद्या संस्थेचा कारभार ढासळू लागला की माणसापुढे दोन मार्ग असतात, बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे, आणि संस्थेविषयीची निष्ठा या दोहोंतील निवडीवर परिणाम करते. कायम नोकरीतील शिक्षक सहसा बाहेर पडत नाही, कारण त्या गावात, त्या वयात दुसरी नोकरी नसते. आवाज वर पोहोचला नाही तर तो नाहीसाही होत नाही. तो खाली वळतो. ‘टपालामुळे शिकवता येत नाही’ असे म्हणणारा शिक्षक काही वर्षांनी ‘या मुलांना येतच नाही’, ‘पालकांनाच पडलेली नाही’ असे म्हणू लागतो. पहिल्या वाक्यात शाळेविषयीचे ज्ञान आहे, दुसऱ्यात मुलावर ठेवलेला ठपका; आणि ज्याच्यावर तो बसतो ते मूल बहुधा ऊसतोड मजुराचे, पारध्याचे किंवा शेतमजुराचे असते, ज्याच्या घरून उलट उत्तर येण्याची शक्यता नाही. शिक्षकाविषयी कितीही आस्था असली तरी या दुसऱ्या तक्रारीचे समर्थन करता येत नाही. ती रोखण्याचा उपाय मात्र पहिली तक्रार वेळेवर ऐकण्यात आहे.

आवाज वर न पोहोचण्यामागे वरिष्ठांची भीतीही असते, आणि ती जुनी आहे. शिक्षणतज्ज्ञ कृष्ण कुमार यांनी वसाहतकालीन शिक्षणाच्या अभ्यासात दाखवले की इंग्रजी अमलाने गावच्या गुरुजीला तुटपुंज्या पगाराचा, काय शिकवावे हे ठरवण्याचा अधिकार नसलेला आणि तपासनीसाला भिणारा कनिष्ठ नोकर बनवले. म्हणून तो मुलांपुढे हुकूमशहा आणि साहेबापुढे दीन झाला. स्वातंत्र्यानंतर संघटनांनी ही दीनता मोठ्या प्रमाणात मोडली. १९७७-७८चा ५४ दिवसांचा राज्य कर्मचारी व शिक्षकांचा संप, आणि खासगी शाळांतील सेवाशर्तींचे नियमन करून शाळा न्यायाधिकरणाची दाद उपलब्ध करून देणारा १९७७चा अधिनियम, हे त्या वाटेवरचे मोठे टप्पे होत. एक दार तरीही बंदच राहिले. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१नुसार विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघ आहेत, महाराष्ट्रात ते सात आहेत, पण माध्यमिक स्तराहून खालच्या शाळेतील शिक्षकाला तेथे मत नाही. पहिलीच्या वर्गात अक्षरओळख करून देणारी शिक्षिका पदवीधर म्हणून मत देऊ शकते, शिक्षिका म्हणून नाही.

विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांची गोष्ट या सर्वांहून निराळी आहे. २००९ साली ‘कायम विनाअनुदानित’ या शब्दसंहतीतील ‘कायम’ हा शब्द शासनाने काढला, पुढे अनुदानाचे टप्पे २०, ४० टक्के असे रेंगाळत आले, आणि मुंबईच्या आझाद मैदानावर वर्षानुवर्षे बसणाऱ्यांत केस पांढरे झालेले लोक दिसू लागले. तेथे समाधान-असमाधानाची चर्चा गैरलागू आहे. प्रश्न वेतनाच्या हक्काचा आहे.

सेवेच्या अखेरच्या वर्षांत तक्रार पुन्हा सुरक्षिततेकडे वळते. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांना जुने निवृत्तिवेतन नव्हते, म्हणून मार्च २०२३मध्ये राज्यभर संप झाला. १ सप्टेंबर २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगितले, तेव्हा वीस-पंचवीस वर्षे शिकवलेल्या अनेकांना आपल्या साऱ्या कामावर प्रश्नचिन्ह उमटल्यासारखे वाटले. शिक्षकाची पात्रता तपासणे योग्य आहे, पण ती तपासण्याची जागा वर्ग असायला हवी. याच वयात जुने विद्यार्थी, आता स्वतः पालक झालेले, बाजारात भेटून नमस्कार करतात, आणि लॉर्टीने सांगितलेला मोबदला उशिरा का होईना हाती पडतो. सेवेच्या शेवटच्या वर्षीही पहिलीचाच वर्ग मागून घेणाऱ्या शिक्षिका जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि त्यांपैकी कित्येकींनी आयुष्यभर खणखणीत तक्रारी केलेल्या असतात.

तक्रार वेळेवर ऐकण्याची एक जागा आधीपासूनच आहे. केंद्रस्तरावर शिक्षण परिषद भरते, ज्यात दहा-बारा शाळांचे शिक्षक केंद्रप्रमुखांसह एकत्र येतात. तेथे सूचना बहुधा वरून खाली येतात. केंद्रप्रमुखांनी तिचा पहिला तास शिक्षकांच्या बोलण्यासाठी राखून ठेवावा, त्या महिन्यात कोणत्या कामामुळे किती तासिका बुडाल्या हे शाळानिहाय लिहून घ्यावे, ती नोंद गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी आणि पुढच्या परिषदेत तिचे लेखी उत्तर वाचून दाखवावे. यासाठी वेगळा निधी लागत नाही. एक परिपत्रक पुरते.