वीतभर वाळू



बांधकामाच्या सामानाची ने-आण करण्यासाठी घेतलेल्या छोट्या टेम्पोचे आरसी बुक हाती आल्याचे कळले. पत्रास कारण एवढेच की, त्या बुकातील दोन आकड्यांकडे, म्हणजे रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन यांकडे, नव्या धंद्याच्या धांदलीत सहसा कोणाचे लक्ष जात नाही. यांपैकी दुसऱ्याला बोलीत पासिंग म्हणतात आणि दोहोंची वजाबाकी म्हणजे गाडीची भारक्षमता. उदाहरणादाखल पासिंग 1550 किलो आणि रिकामे वजन 800 किलो धरल्यास 750 किलो, म्हणजे सिमेंटच्या 50 किलोच्या 15 गोण्या उरतात. परंतु चालक, मदतनीस, शिडी आणि अवजारे यांचे वजनही त्यातच मोडत असल्यामुळे, त्यांचे दीडशे किलो वजा जाता 12 गोण्याच काय त्या नेता येतात.

हौदा मात्र डोळ्यांना फसवतो. थर्माकोल नेणाऱ्याची जागा आधी संपते, वाळू नेणाऱ्याची मर्यादा आधी संपते. सव्वातीन चौरस मीटर तळाच्या हौद्यात कोरड्या वाळूचा वीतभर थर पसरला तरी त्याचे वजन सुमारे 1200 किलो, म्हणजे वरील 12 गोण्यांच्या दुप्पट होते, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही अधिक. टाटांनी 2005 मध्ये बाजारात आणलेल्या एस या गाडीला ‘छोटा हाथी’ हे नाव चिकटले खरे, पण अनेक मालकांनी त्यातील विशेषण विसरून नामावरच भिस्त ठेवलेली दिसते.

एकूण वजन मर्यादेत असले तरी ते कोठे ठेवले आहे हा प्रश्न उरतोच, आणि तो अधिक नाजूक आहे. पुढच्या व मागच्या आसांमध्ये 2.1 मीटर अंतर असलेल्या गाडीत 200 किलोचा माल मागच्या आसाच्याही अर्धा मीटर मागे, फाळक्याला लागून ठेवला, तर तरफेच्या न्यायाने मागच्या आसावर 200 नव्हे तर सुमारे 248 किलो भार येतो आणि पुढचा आस 48 किलोंनी हलका होतो. परिणामी सुकाणू सांभाळणारी चाकेच रस्त्यावर कमी टेकतात, वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते आणि रात्री दिव्यांचा झोत वर उठून समोरच्याचे डोळे दिपवतो. म्हणून जड माल केबिनच्या बाजूला आणि तळाशी ठेवावा.

ब्रेकचे काम गाडीची गती उष्णतेत बदलण्याचे असल्यामुळे, वजन दीडपट झाले की तेवढ्याच वेगावरून थांबताना उष्णताही दीडपट निर्माण होते. लांब उतारावर ती ड्रममधून बाहेर पडण्यास वेळ न मिळाल्यास लायनरची पकड सुटत जाते, म्हणूनच घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, असे जुने चालक सांगतात. टायरचेही तसेच असते: जादा भाराखाली त्याच्या बाजूच्या भिंती वारंवार दबून तापतात, आणि हवा कमी असल्यास उन्हाळ्यात तो फुटण्याची धास्ती वाढते. यावर गॅरेजमध्ये सुचवला जाणारा पाटे वाढवण्याचा उपाय दिशाभूल करणारा आहे. त्याने गाडी खचलेली दिसत नाही एवढेच, ब्रेक, आस आणि टायर मात्र पूर्वीचेच राहतात.

कायद्याचे थोडक्यात असे की, मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 194 नुसार, 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी 20,000 रुपये, शिवाय जादा प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च आकारला जातो, व जादा माल उतरवल्याखेरीज गाडी हलवू दिली जात नाही. ‘चालकाने भरला’ ही सबबही टिकणे कठीण आहे, कारण गाडी मालक स्वतः चालवत नसला तरी हे त्याच्या माहितीने किंवा हुकुमाने घडले, असे कलम 113 प्रमाणे न्यायालय गृहीत धरू शकते.

तरी पहिल्या खेपेआधी टाकी भरून, चालक, मदतनीस आणि अवजारांसह गाडीचा एकदा काटा करून घ्यावा; त्यानंतर नेहमीचा माल भरून पुन्हा एकदा, आणि त्या वेळी काटेवाला राजी असल्यास फक्त मागची चाके काट्यावर उभी करून मागच्या आसाचेही वजन पाहावे. पावत्या आरसी बुकासोबत गाडीतच असाव्यात.