उंबरखिंड आणि माझे उघडे दार

१/ आज उंबरखिंडीची गोष्ट माझ्या एका चुकीच्या निमित्ताने सांगतो. चूक घडली ती क्लाउड सर्व्हरचा 'सिक्युरिटी ग्रुप' लिहिताना.

२/ कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील वीरगळ, जुनी टाकी, पडकी देवळे यांच्या नोंदी मी दोन वर्षे गोळा करीत आहे. प्रत्येक नोंदीत नेमके अक्षांश-रेखांश, आणि माहिती सांगणाऱ्या वृद्धांची नावे व फोन क्रमांक. गुप्तधनाच्या लोभाने दगड उखडणाऱ्यांच्या हाती ही यादी पडली तर काय होईल, हे तुम्हांला सांगायला नको.

३/ ही यादी ॲमेझॉनच्या मुंबई विभागातील एका सर्व्हरवर ठेवली होती. सिक्युरिटी ग्रुप ही त्याच्या दारावरची चौकी. नव्या चौकीतून आत कोणालाच प्रवेश नसतो. कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या पोर्टवर यावे, याचे परवाने आपण देतो. मी ते पायथॉनच्या बोटो३ लायब्ररीतून देत असे. मनाईहुकूम लिहिण्याची सोय मात्र तेथे नाही.

४/ मोबाइल इंटरनेटचा पत्ता सतत बदलतो. कर्जतला दिलेला परवाना खोपोलीला पोहोचेपर्यंत निकामी. एका रात्री कंटाळून मी डेटाबेसच्या ५४३२ या पोर्टसाठी ०.०.०.०/० लिहिले, म्हणजे अवघ्या जगाला वाट दिली. सकाळी भान आले, तेव्हा केवळ स्वतःच्या पत्त्याचा /३२ असा नियम जोडला. प्रोग्राम विनातक्रार चालला आणि मी निश्चिंत झालो.

५/ येथेच फसलो. हे नियम एकमेकांना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते. जुना परवाना चौकीवर तसाच टांगलेला असेल, तर नव्या कडक परवान्याला अर्थ नाही. तीन आठवड्यांनी लॉग उघडला, तर अनोळखी पत्त्यांवरून पासवर्ड चाचपल्याच्या ओळीच ओळी. आत कोणी शिरल्याची खूण नव्हती, तरी त्या दिवशी जेवण गेले नाही.

६/ फेब्रुवारी १६६१. शाइस्ताखानाने धाडलेला कारतलबखान, सोबत रायबागन, घाट उतरून उंबरखिंडीत आला. शिवाजी महाराजांनी त्याला वाटेत अडवलेच नाही. सैन्य चिंचोळ्या रानात पुरते उतरल्यावर पुढची-मागची वाट रोखली. खानाला खंडणी देऊन, सामान टाकून परतावे लागले. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त हा प्रसंग आहे. मला वाटले, आपणही बाहेरची वाट रोखावी.

७/ पण ही उपमा येथे टिकत नाही. सिक्युरिटी ग्रुप आत आलेल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप बाहेर सोडतो. बाहेर जाण्याचा एकही नियम नसला तरी. शिरलेला माणूस यादी मागेल आणि ती त्याच्यामागोमाग निघून जाईल. म्हणजे रोखायचे ते दारातच.

८/ मग सर्व नियम मागवून वाचले. पोर्ट, प्रोटोकॉल आणि पत्ता देऊन 'रिव्होक' करताना ते मूळ नियमाशी तंतोतंत जुळावे लागतात. जुळवले, खोडले, पुन्हा मागवून पाहिले. फोन क्रमांक सर्व्हरवरून काढून वहीत उतरवले. चावणीच्या एका आजोबांना हे सांगायला गेलो, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "दगड जागेवर हाय ना?" दोघे जाऊन पाहून आलो. होता.