स्तन राहतो, जीवही वाचतो

स्तनातील गाठ कर्करोगाची आहे असे कळले, की घरातली मंडळी एकच धोशा लावतात, "सगळं काढून टाका, पण जीव वाचू दे." ती बाई मात्र गप्प असते. आरशात उद्या काय दिसेल, हा प्रश्न तिला छळत असतो. पण 'या वयात कसलं रूप?' असे कुणी म्हणेल, या धास्तीने ती निमूटपणे मान डोलावते.

खरे तर या प्रश्नात लाजण्यासारखे काहीच नाही. मोठमोठ्या सर्जननीही तो गंभीरपणे घेतला आहे.

अमेरिकेतील विल्यम हालस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या ऑपरेशनमध्ये स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथीही काढत. जितके जास्त कापावे तितके सुरक्षित, ही समजूत कित्येक दशके टिकली. इटलीतील मिलान शहरात उम्बेर्तो वेरोनेसी यांनी ती तपासून पाहिली. १९७३ ते १९८० या काळात २ सेंटिमीटरपर्यंत गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाचा पूर्ण स्तन काढला. दुसऱ्या गटात गाठीसह स्तनाचा साधारण चौथा हिस्सा काढून रेडिएशन दिले. वीस वर्षांनंतरचा निकाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तन राखलेल्या ३० जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली, दुसऱ्या गटात ८ जणींचा रोग त्या जागी उलटला. पण मृत्यूचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच होते!

त्याच वर्षी अमेरिकेतील बर्नार्ड फिशर यांच्या वीस वर्षांच्या अभ्यासातही जगण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. मात्र नुसती गाठ काढलेल्या शंभरातील ३९ जणींच्या त्याच स्तनात रोग परतला, रेडिएशन घेतलेल्यांत १४ जणींच्या. तेव्हा, "गाठ तर गेली, आता शेक कशाला?" असे म्हणून उपचार अर्धवट सोडणे महागात पडू शकते.

आता रूपाविषयी. स्तनाचा पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी भाग गेला, तर बहुधा शेजारचाच भाग सरकवून पोकळी भरता येते. त्याहून अधिक गेला, तर खड्डा पडतो, बोंड एका बाजूला ओढले जाते. अशा वेळी प्लास्टिक सर्जरीचे तंत्र वापरून स्तनाची नव्याने मांडणी करतात, गरज पडल्यास पाठीचा स्नायू आणून लावतात, दुसरा स्तनही त्याला जुळवून घेतात. याला ऑन्कोप्लास्टिक सर्जरी म्हणतात. आकार बिघडण्याची चिंता कमी झाल्याने सर्जनला गाठीभोवतीचा पुरेसा भाग काढता येतो. तरीही व्रण राहतो आणि रेडिएशनमुळे स्तन थोडा आक्रसू शकतो, हे आधीच माहीत असलेले बरे.

सर्वांनाच हा मार्ग चालत नाही. रोग स्तनात सर्वत्र पसरला असेल किंवा रेडिएशन देणे शक्य नसेल, तर पूर्ण स्तन काढणेच हिताचे. गाठ मोठी असल्यास कधीकधी आधी औषधे देऊन ती लहान करता येते.

म्हणून ऑपरेशनच्या कागदावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, "माझा स्तन राखता येईल का? नसेल, तर का नाही?" हा प्रश्न घरच्यांनी नव्हे, तिने स्वतः विचारायचा आहे.