सूर्यास्तानंतरची गोळी

मार्गशीर्षातील रात्र होती. पावणेदोनच्या सुमारास पत्नीच्या कण्हण्याने मला जाग आली. तिचे अंग घामाने निथळत होते, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. मधुमेही माणसाच्या घरात वावरणाऱ्यांना ही लक्षणे परिचयाची असतात. रक्तातील साखर उतरली होती. मी स्वयंपाकघरातून साखरेचे पाणी करून आणले, तर तिने तोंड फिरवले. गेली एकवीस वर्षे तिने रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळला आहे. पाणी आणि औषध यांची तेवढी सूट, अन्नाची नाही. भान सुटत चालले असतानाही नियमाचे भान सुटले नव्हते. शेवटी मी जवळजवळ बळजबरीनेच पेला तिच्या ओठांना लावला. पंधरा-वीस मिनिटांनी ती सावरली.

सकाळी ती रडली. आजारासाठी नव्हे, नियमासाठी. एका वडीलधाऱ्या माताजींनी समजावले की त्या घटकेला साखर हे औषधच होते, आहार नव्हे. पण तिचे मन मानेना. तिने महिनाभर दुधाचा त्याग केला आणि मगच तो विषय संपवला.

माझ्यासाठी मात्र तो संपला नाही.

त्याच आठवड्यात माझी पुतणी सुटीवर पुण्याहून आली होती. ती फार्म. डी.च्या सहाव्या वर्षाला, म्हणजे रुग्णालयातील उमेदवारीच्या वर्षाला होती. काकूंची चौकशी करायला आली आणि गोळ्यांचा डबाच मागून घेतला. एकेक पाकीट उलटेसुलटे करून वाचले आणि विचारले, "काकू, तुम्ही संध्याकाळी किती वाजता जेवता?"

"सहाच्या आत. दिवस मावळायच्या आधी."

"आणि ही रात्रीची गोळी?"

"नऊला. रात्री असं लिहिलंय ना!"

पुतणी क्षणभर गप्प राहिली. मग तिने दोन पाकिटे माझ्यापुढे ठेवली. महिन्यापूर्वी ज्वर आला म्हणून पत्नी चार दिवस रुग्णालयात होती. तेथून परतताना मधुमेहाची एक नवी गोळी मिळाली होती आणि घरातली जुनीही चालूच होती. नावे वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या. पण दोन्हींत ग्लिमेपिराइड हे एकच औषध. हे औषध शरीराला इन्शुलिन सोडायला लावते, म्हणून ते जेवणाच्या लगत घ्यायचे असते. आमच्याकडे ते दुप्पट जात होते आणि जेवणानंतर तीन तासांनी जात होते. तिने लगेच आमच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी एक गोळी बंद केली आणि दुसरीची वेळ बदलली. (रुग्णाने स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये, हे येथे सांगून ठेवतो.)

अकरा वर्षांत "तुम्ही जेवता किती वाजता?" हा प्रश्न पत्नीला कोणीही विचारला नव्हता. आणि लाजेची गोष्ट अशी की, ती दोन्ही पाकिटे आमच्याच घरच्या औषधदुकानातून, माझ्या धाकट्या भावाच्या हातून आली होती.

भाऊ बी. कॉम. आहे. दुकानाचा परवाना ज्या फार्मासिस्टच्या नोंदणीवर होता, तो गृहस्थ सहीपुरता आठवड्यातून एकदा येई. काउंटरवर दहावी झालेली दोन मुले. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ सांगते की, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणी देऊ नये. भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र असले की कायदा पाळला गेला, असे आम्ही समजत होतो. 'आम्ही' म्हणतो, कारण दोष एकट्या भावाचा नाही. बँकेत असताना अशा अनेक दुकानांचे कॅश क्रेडिट मी मंजूर केले. तपासणीला गेलो की साठा मोजला, विम्याची पावती पाहिली, चौकटीतल्या प्रमाणपत्राकडे पाहून रकान्यात खूण केली. त्या प्रमाणपत्राचा धनी दुकानात आहे का, हे मी एकदाही विचारले नाही.

त्या संध्याकाळी घरात वाद झाला. भावाचे म्हणणे व्यवहाराचे होते. "मुलीने सहा वर्षे घालवली. दोन वर्षांच्या डिप्लोमावरही दुकान चालते. एवढे शिकून ती करणार काय?" पुतणी म्हणाली, "आज काकूंसाठी केले ते." त्यावर कोणी काही बोलले नाही.

पुढचे काही दिवस मी तिच्याकडून हा अभ्यासक्रम समजून घेतला. आपल्या देशात फार्मसीचे विद्यापीठीय शिक्षण १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात सुरू झाले. पण त्याचा कल प्रामुख्याने औषध बनवण्याकडे राहिला, रुग्णाकडे फारसा गेला नाही. भारतीय फार्मसी परिषदेने २००८ मध्ये फार्म. डी. सुरू केला, तो हा कल बदलण्यासाठी. पाच वर्षे शिक्षण आणि सहावे वर्ष किमान तीनशे खाटांच्या रुग्णालयात. त्यातले सहा महिने सामान्य औषधवैद्यक विभागात आणि उरलेले सहा महिने इतर तीन विभागांत दोन-दोन महिने. डॉक्टरांबरोबर फेरीला जायचे, रुग्णाच्या सर्व औषधांचा मेळ घालायचा, दुष्परिणाम नोंदवायचे आणि घरी जाणाऱ्याला औषध कसे घ्यायचे ते समजावायचे. याउलट, डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कामाचे पाचशे तास पुरतात.

अमेरिकेत ही वाट जुनी आहे. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात हार्वे व्हिटनी यांनी १९२७ साली फार्मासिस्टांसाठी उमेदवारी सुरू केली आणि १९६० च्या दशकात तेथील रुग्णालयीन फार्मासिस्टांच्या संघटनेने अशा प्रशिक्षणाला मान्यता देण्याची पद्धत घातली. मार्गदर्शकाने प्रथम शिकवावे, मग स्वतः करून दाखवावे, मग शिकणाऱ्याकडून करवून घेत सुधारावे आणि शेवटी त्याला मोकळे सोडून हाकेच्या अंतरावर राहावे, अशा चार पायऱ्या तिकडे सांगतात. हे ऐकून मला आमच्या आजोबांची पेढी आठवली. नवा मुलगा आधी नुसता बसून पाही, मग मुनीमजींबरोबर खतावणी लिही, मग मुनीमजी पाहत असताना एकटा लिही आणि तीन-चार वर्षांनी त्याच्या हाती तिजोरीची किल्ली येई. आपल्या व्यापारी घरांना उमेदवारी शिकवायला बाहेरून कोणी यायला नको.

पण पुतणीचा अनुभव संमिश्र होता. एका विभागात एक ज्येष्ठ डॉक्टर तिला रोज विचारत, "या चिठ्ठीत तुला काय खटकते?" ती चुकली तर कारण सांगत. त्या दोन महिन्यांत ती जे शिकली ते पाच वर्षांत शिकली नव्हती. दुसऱ्या विभागात मात्र ती फाइल धरून मागे उभी असे. कोणी तिला काम दिले नाही, चूक दाखवली नाही, शाबासकीही दिली नाही. महिनाअखेर नोंदवहीवर एकदम तीस सह्या झाल्या. कागदावर दोन्ही विभागांचे महिने सारखेच.

हे ऐकताना मला माझा परिवीक्षाकाळ आठवला. दोन वर्षांत मला सर्व खात्यांतून फिरवायचे असा नियम होता. एका शाखेत मी सहा महिने फक्त जुनी व्हाउचरे दोऱ्याने बांधली. अहवालात लिहिले गेले, 'कर्जखात्याचे प्रशिक्षण पूर्ण.' पुढे मी स्वतः पहिले कर्ज मंजूर केले तेव्हा ताळेबंद वाचताना माझे हात थरथरले होते. चुकलो असतो तर बँकेचे पैसे बुडाले असते. औषधात चुकले तर काय बुडते, ते मी मार्गशीर्षातल्या त्या रात्री पाहिले.

निवृत्तीपूर्वी काही वर्षे नव्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण माझ्याकडे होते. त्या अनुभवावरून चार गोष्टी सुचतात. पहिली, महिने मोजण्याऐवजी कौशल्ये मोजावीत. वर्षअखेरीस उमेदवाराला काय काय एकट्याने करता आले पाहिजे, याची यादी पहिल्याच दिवशी त्याच्या हाती द्यावी. दुसरी, प्रत्येक उमेदवाराचा एक ठरलेला मार्गदर्शक असावा आणि त्या मार्गदर्शकाच्या इतर कामातून तेवढा वेळ वजा करावा. सर्वांवर सोपवलेला शिष्य कोणाचाच नसतो. तिसरी, नोंदवही ही हजेरी न राहता खतावणी व्हावी. कोणती चूक सापडली, डॉक्टरांना काय सांगितले, त्यांनी ते मानले की नाही, पुढे रुग्णाचे काय झाले, हे प्रत्येक नोंदीत असावे आणि दर आठवड्याला मार्गदर्शकाने त्यातल्या काही नोंदी मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात. चौथी, वर्षाच्या शेवटी उमेदवारानेही प्रशिक्षणाचे मूल्यमापन करावे आणि पुढच्या तुकडीपूर्वी त्यावरून बदल व्हावेत. ज्या हिशेबाचे ऑडिट एकाच बाजूने होते, त्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही.

आणखी एक गोष्ट बँकेने शिकवलेली नाही, पत्नीने शिकवली. या शिक्षणात माणसाच्या घराला जागा हवी. आमच्या भागात मराठी बोलणारे आहेत, कन्नड बोलणारे आहेत. कोणी सूर्यास्तापूर्वी जेवतो, कोणी दशलक्षण पर्वात उपवास करतो, कोणी रमजानात रोजा ठेवतो. 'सकाळ-दुपार-रात्र' या तीन शब्दांत या सर्वांचा दिवस मावत नाही. उमेदवाराने रुग्णाला विचारायचा पहिला प्रश्न "दिवसभरात केव्हा खाता?" हा असावा.

आपल्या धर्मात आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. औषधदान आपण उदारपणे करतो. धर्मार्थ दवाखाने चालवतो, शिबिरांतून गोळ्या वाटतो. पण न समजावता दिलेले औषध अर्धेच दान ठरते. त्याला शास्त्रदानाची जोड मिळाली तरच ते अभयदानापर्यंत पोहोचते. १९०१ साली शाहू महाराजांच्या राज्यात, याच कोल्हापुरात, जैन विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उभे राहिले, कारण शिकणाऱ्याला राहायला जागा हवी हे तेव्हाच्या समाजाने ओळखले. आज शिकणाऱ्याला हात बसवायला जागा हवी आहे. आपल्या विश्वस्त संस्थांच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत अशा मुलामुलींना एक टेबल, एक मार्गदर्शक आणि मानाचे विद्यावेतन देता आले, तर त्याचा खर्च एखाद्या शिबिराहून फार मोठा नसेल.

आमच्या दुकानापुरते सांगतो. सहीपुरत्या येणाऱ्या गृहस्थांचा हिशेब भावाने गेल्या वर्षी मिटवला. आता एक नोंदणीकृत फार्मासिस्ट पूर्ण वेळ तेथे बसतो. त्याचा पगार नफ्यातून जातो आणि भाऊ ते महिन्यातून एकदा बोलून दाखवतो. काउंटरच्या कडेला दोन स्टुले आणि लहान टेबल आले आहे. पुतणी पुण्यातच एका रुग्णालयात लागली आहे. ती कोल्हापूरला परतेल की नाही, हे तिलाही ठाऊक नाही आणि आम्ही तिला विचारत नाही.

पत्नीच्या गोळ्यांच्या पाकिटावर आता '१-०-१' लिहिलेले नसते. गेल्या महिन्यात मी ते उघडून पाहिले. भावाच्या किरट्या अक्षरात त्यावर लिहिले होते : 'संध्याकाळी पावणेसहा, जेवणाआधी. दिवस असतानाच.'