दाराकडची कड

जुन्या मोटारीतली चालकाची सीट मधोमध फाटलेली सहसा दिसत नाही. ती फाटते कडेला, दाराच्या बाजूला. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून उजवी कड. माणूस तासन् तास मध्यावर बसतो, पण मध्य नुसता दबतो, खोलगट होतो. झिजते ती कड, कारण चढताना मांडी तिच्यावरून घासत जाते आणि उतरताना सगळा भार क्षणभर तिच्यावरच येतो. आधी शिवण उसवते, मग कापड विरतं, मग आतला पिवळट फोम डोकावतो आणि त्याचा भुगा पायाशी सांडू लागतो. गाडी किती किलोमीटर धावली हे मीटर सांगतो. ती किती दारांशी थांबली हे या कडेवरून कळतं.

आईच्या १९९६ सालच्या मारुती ८००ची कड तर पार गेली होती. आई विमा एजंट. तिचा प्रवास लांबचा कधीच नव्हता. या गल्लीत थांब, दोन घरं सोडून पुन्हा थांब. कुणाच्या हप्त्याची पावती, कुणाच्या वारसाच्या नावातली दुरुस्ती, आणि कधी एखाद्या घरी क्लेमचे कागद घेऊन, शब्द जुळवत उतरणं. इतक्या उंबरठ्यांशी नेऊन उभी करणारी सीट अशी भुगा होऊन सांडावी, हे मला बघवत नव्हतं.

हे मॉडेल १९८३च्या डिसेंबरात पहिल्यांदा रस्त्यावर आलं आणि २०१४च्या जानेवारीत त्याचं उत्पादन थांबलं. तरी ही गाडी कमी पैशात जपता येते. पुण्याच्या नाना पेठेत हिंडलं की तिचे सुटे भाग मिळतात, भंगारात तिच्या अख्ख्या सीटही मिळतात. पण फेरनोंदणी आणि पर्यावरण कर भरून झाल्यावर हाती उरतं ते थोडंच, आणि ते कुठे घालायचं हाच खरा प्रश्न. बहुतेक जण तयार कव्हर चढवतात. मला ते पटत नाही. डोळ्यांना गाडी नवी दिसते, कंबरेला मात्र जुनीच राहते.

कुशनवाल्या काकांचंही तेच म्हणणं. ते आईला म्हणाले, “कव्हरचं नंतर बघू, ताई. आधी आत काय उरलंय ते दाखवतो.” चार बोल्ट काढून त्यांनी सीट बाहेर घेतली, खालच्या तारा उलगडल्या आणि खोळ सोलून काढली. गोणपाटाच्या चिंध्या झाल्या होत्या. एका नागमोडी स्प्रिंगचा आकडा निसटला होता आणि तिचं टोक फोममध्ये घुसून त्याला आतून कुरतडत होतं. काकांनी फोम अंगठ्याने दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. फोम म्हणजे असंख्य बारीक बुडबुड्यांची जाळी. वर्षानुवर्षांच्या वजनाने, उन्हाने आणि दमटपणाने त्या जाळीच्या भिंती तुटत जातात आणि मग दाबलेलं वर येत नाही.

सगळा फोम बदलायची गरज नव्हती, आणि काकांनी तो बदलायला लावलाही नाही. स्प्रिंग पुन्हा आकड्यात अडकवून तारेने बांधली, वर नवं गोणपाट ताणलं. मग सुरीने फक्त मेलेली कड कापून काढली आणि तिथे रिबॉन्ड फोमची घट्ट पट्टी सोल्युशन लावून चिकटवली. फोमच्या तुकड्यांचा चुरा दाबून केलेला हा रंगीबेरंगी फोम स्वस्त आणि टणक असतो. मध्यावर ४० डेन्सिटीचा एक पातळ थर दिला. ४० डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ४० किलो. सीटचा फोम घेताना जाडीच्या आधी हा आकडा विचारावा.

जुनी खोळ त्यांनी टाकली नाही. एकेक शिवण उसवून तिचे तुकडे नव्या कापडावर पसरले आणि खडूने आखले. तुकडे वापरून ताणलेले, म्हणून कापडाच्या काठावरून न आखता जुन्या टाक्यांच्या भोकांवरून आखले. वाकलेली पाठ, ओठांत खडू, बोटांनी भोकं चाचपत पुढे सरकणारा हात. मी कितीतरी वेळ नुसता बघत उभा होतो. मध्यभागी कापड, कारण उन्हात रेक्झिन चटके देतं; कडेला रेक्झिन, कारण ते घासणं सोसतं. दाराकडच्या शिवणीला दुहेरी टाका.

या गाडीच्या सीटमध्ये एअरबॅग नाही, म्हणून ती अशी निर्धास्त उघडता आली. नव्या गाड्यांत बाजूची एअरबॅग बहुधा सीटच्या पाठीतच असते. तिथे खालच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावण्याआधी जाणकार गाठावा, आणि एअरबॅगच्या जागेवर भलतं कव्हर चढवू नये.

आई बसली. नव्या फोमने सीट थोडी उंच झाली होती, तेव्हा तिने आधी आरसा नीट केला, मग सीट एक खाच पुढे घेतली. मग ती उतरली, पुन्हा चढली, पुन्हा उतरली. “निऱ्या अडकत नाहीत आता,” ती काकांना म्हणाली. मागच्या सीटचं त्यांनी विचारलं. ती फक्त दबली आहे, फाटलेली नाही. तिचं काम दिवाळीनंतर करायचं ठरलं.