खलाशांच्या पोरक्या मुलांचे घर

हातखंब्याच्या तिठ्यावर उभे राहिले असता एक रस्ता रत्नागिरीकडे, समुद्राच्या दिशेने जातो. दुसरा कोल्हापुराकडे वळतो. आणि मुंबई-गोव्याचा हमरस्ता तर आहेच. याच वाटांनी, अथवा बंदरातून आगबोटीने, आमच्या जिल्ह्यातील कित्येक पिढ्यांचे पुरुष मुंबईस जाऊन बोटीवर चढले. कोणी सारंग झाला, कोणी टांडेल, कोणी भट्टीपुढे राबणारा आगवाला. त्यांपैकी जो परतला नाही, त्याच्या लेकरांचे पुढे काय झाले असेल, हा विचार आमच्या मनात वारंवार येतो.

इंग्लंडातील लिव्हरपूल बंदरात या प्रश्नाचे उत्तर विटा-दगडांत देण्यात आले. तेथील व्यापाऱ्यांनी व जहाजमालकांनी १८६९ साली खलाशांच्या पोरक्या मुलांसाठी एक संस्था काढली. आणि १८७४ साली न्यूशॅम उद्यानाच्या कडेला तिची भव्य वास्तू उभी राहिली. लंडनच्या प्राणिसृष्टी-संग्रहालयाची प्रसिद्ध इमारत ज्यांनी रचली, तेच आल्फ्रेड वॉटरहाउस या वास्तूचे शिल्पकार. उतरती छपरे, उंच मनोरा, मुलांसाठी एक भाग व मुलींसाठी दुसरा, अशी तिची रचना होती. शेकडो मुले तेथे जेवली, शिकली, वाढली. १९४९ साली अनाथालय बंद झाले. पुढे १९५४ पासून तेथे रुग्णालय होते, तेही कालांतराने बंद पडले.

या वास्तूचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाचे पुत्र राजपुत्र आल्फ्रेड यांनी केले. हेच राजपुत्र १८७० साली मुंबईस आले असता अपोलो बंदरानजीक एका खलाशीगृहाची कोनशिला त्यांच्या हस्ते बसली होती. बडोद्याचे खंडेराव महाराज यांनी त्या कामी दोन लक्ष रुपये दिले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी रचलेली ही इमारत १८७६ साली पुरी झाली. काळसर दगडाच्या भिंती, कमानींच्या ओळी आणि दर्शनी त्रिकोणात कोरलेला समुद्रदेव नेपच्यून पाहून कोणीही क्षणभर थबकावे. १९२८ पासून तेथे कायदेमंडळ भरे. आज तेथे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्य कार्यालय आहे.

परंतु ते घर मुख्यत्वे युरोपियन खलाशांकरिता होते. बडोद्याचा पैसा, मुंबईचा दगड, येथल्याच पाथरवटांचे हात. आणि कोकणच्या खलाशास मात्र बंदराजवळच्या कोंदट खोल्या! गोऱ्या खलाशाच्या मानाने त्याचा पगारही पुष्कळच कमी असे.

मग आमच्या पोरक्या मुलांचे अनाथालय कोणते? आजीची ओटी, मामाचे घर, शेजारणीच्या चुलीवरची पेज. या घराला मनोरा नव्हता, कोनशिलाही नव्हती. तथापि मूल आपल्या माणसांत वाढले, ही त्याची थोरवी होय. आम्ही त्याचे पोवाडे मात्र गाणार नाही. ज्या वयात हाती पाटी असावी त्या वयात कित्येकांच्या हाती वल्हे आले, हेही तितकेच खरे. लिव्हरपूलच्या मुलास शाळा मिळाली, पण घर सुटले. आमच्या मुलास घर राहिले, पण शाळा सुटली. दोन्ही मिळणे हाच बालकाचा खरा हक्क आहे.

मुंबईत मस्जिद बंदराजवळ हिंदी खलाशांचे एक गृह आहे. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या व समुद्रावाचून दुसरी समाधी नसलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक तेथे आहे. दुसऱ्या महायुद्धातील खलाशांचेही स्मरण तेथे राखले आहे. विद्यार्थीमित्रहो, मुंबईस गेलात तर नेपच्यून अवश्य पाहा. पण तेथून पुढे मस्जिद बंदरासही जा. आणि आपल्याच वर्गात पितृछत्र हरपलेला कोणी सोबती असेल, तर त्याचे पुस्तक अडू देऊ नका. तेवढे केलेत, तर न बांधलेल्या त्या घराची एक वीट तरी आपल्या हातून बसेल.