आठ दिवस घर कोण बघणार?

आम्हा राहुरीकरांना पाण्याची ओढ ठाऊक, भीती नाही. मुळा धरण भरत आलं की लोक डबे घेऊन बारागाव नांदूरला पाणी बघायला जातात. 2019 चा उन्हाळा तर आमच्या जिल्ह्याने चारा छावण्यांत काढला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं, ते टीव्हीवर बघताना खरंच वाटेना. कोयना-महाबळेश्वरकडचा मुसळधार पाऊस, त्यात धरणातून सोडलेलं पाणी. सांगलीला आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. 8 तारखेला ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. गेलेल्यांत बायका नि मुलंच जास्त. त्या रात्री घास घशाखाली उतरेना.

शाळेत आम्ही कपडे, धान्य गोळा करून टेंपो भरून दिला. एरवी माझं कर्तव्य तिथेच संपलं असतं. पण कॉलेजातली माझी एक मैत्रीण पलूस तालुक्यात दिलेली आहे. तिचा फोन लागला एकदाचा. म्हणाली, “अगं, साड्यांचे ढीग पडलेत, पण परकर एक नाही! आणि पाणी ओसरतंय, आता हात हवेत. चिखल वाळला की खणूनच काढावा लागतो.”

नगरहून एक तुकडी आठ दिवसांसाठी निघणार होती. त्यांना बायका हव्या होत्या. मी घरात विषय काढला.

सासूबाई म्हणाल्या, “तू जाऊन काय करणार तिथं? डॉक्टर आहेस का पोहणारी?” प्रश्न वावगा नव्हता. रात्री भांडी घासताना मी त्याचंच उत्तर शोधत होते, अन् लक्षात आलं की तिथं जाऊन हेच तर करायचंय!

ह्यांना पुराची काळजी नव्हती. सकाळच्या डब्याची होती. (घर म्हणजे बाईचे दोन हात, हे बाई जायला निघाली की कळतं.) पैशांचाही प्रश्न होताच. मी तासांवर शिकवते. आठ दिवस गेलं नाही तर आठ दिवसांचे पैसे नाहीत, आणि ते पैसे लेकीच्या सायकलसाठी बाजूला पडत होते. “सायकल दिवाळीला घेऊ,” म्हटल्यावर तिने दोन दिवस अबोला धरला. तिचंही बरोबरच होतं.

गाडं सोडवलं ते शेवटी सासूबाईंनीच. 1972 च्या दुष्काळात त्या पंधरा वर्षांच्या, आईबरोबर खडी फोडायला जायच्या. दुपारी सुकडी मिळायची. भाजी निवडता निवडता एकदम म्हणाल्या, “सुकडी वाटायला एक बाई यायच्या. त्यांच्या माघारी त्यांचं घर कुणीतरी बघितलंच असंल की. जा तू. डब्याचं मी बघते.”

त्या वर्षी झेंडावंदन आणि राखीपौर्णिमा एकाच दिवशी, 15 तारखेला आली होती. दोन्ही उरकून मी दुसऱ्या दिवशी निघाले. मैत्रिणींनो, तुम्हांला कधी असं सामान पाठवायचं झालं, तर परकर, नाड्या, पॅड, सुईदोरा, विळी, खराटे आठवणीने घाला. आमच्या तुकडीतल्या डॉक्टरांनी गमबूट सक्तीचे केले होते, लेप्टोच्या गोळ्याही दिल्या. चिखलात उघड्या पायांनी उतरू नये, पायाला जखम असेल तर मुळीच नाही.

पहिलंच घर एका आजींचं. आतमध्ये घोटाभर चिखल, आणि वास असा की पदर नाकाला बांधूनही सोसवेना. गव्हाची पत्र्याची कोठी फुगून झाकण उचललेलं, दाण्यांना मोड आलेले. आजी त्या कोठीला हात लावू देईनात. चार वेळा सांगितलं, कुजलंय ते. “वर्षाचं हाय, बाई,” एवढंच म्हणायच्या. आम्ही मग भांडी बाहेर काढून घासली, भिंती धुतल्या, कोठी तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी आजींनी स्वतःच हाक मारली, आणि चौघींनी मिळून ती उकिरड्यावर रिकामी केली. धुऊन उन्हात पालथी घातली.

रात्री घरी फोन लावला. लेक बोलली, डब्याच्या दोन तक्रारी सांगितल्या. मग सासूबाईंनी फोन घेतला.

“त्या बाईच्या गव्हाचं काय झालं गं?”